पाण्याच्या आवाजाचा उपचार

नांदेडच्या एका शाळेत मी संगीत शिकवत होते. गॅदरिंग जवळ आलं की सगळ्यांना माझी आठवण यायची. एरवी माझ्या तासात गणित घुसवायचे.

त्या उन्हाळ्यात लोह्याला राहणाऱ्या माझ्या आत्याला अर्धांगवायू झाला. वाचा गेली. चहाला साधं "च्या" म्हणणंही जमेना. एकदा मी तिच्याजवळ बसून बुद्धवंदना म्हणू लागले, तर तीही म्हणू लागली, शेवटपर्यंत. मी हादरलेच. नोकरी सोडून संगीतोपचार शिकावा, असं तेव्हा मनात आलं.

चौकशीत लातूरच्या एका केंद्राचं नाव निघालं. लातूरला तेव्हा पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं. आणि केंद्रापुढचं लॉन मात्र हिरवंगार! त्यासाठी टँकर यायचा. तिथले सर आधी प्लॉट विकायचे, आता आजार बरे करायचे. भिंतीवर तक्ता होता : मधुमेहाला हा राग, मूळव्याधीला तो.

"हे कुणी तपासलं, सर?" मी विचारलं.

"ऋषीमुनींनी. आपण तपासणारे कोण?"

मग त्यांनी मला उपचार दाखवला. झोप न येणाऱ्या एका बाईंना चटईवर निजवलं, तानपुरा लावला आणि कोपऱ्यातलं कारंजं सुरू केलं. पाणी झुळझुळलं तशा बाई ताडकन उठून बसल्या.

"अगं बाई, नळ आला का? माझी घागर घरीच हाय की!"

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत? रुग्ण सक्रिय झाला."

मला हसूही येईना. बाई बिचाऱ्या ओशाळून पुन्हा आडव्या झाल्या. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "उदगीर आज ना उद्या जिल्हा होणार. तिथली शाखा तुम्हीच सांभाळा. तुमचा आवाज गोड आहे."

"आजाऱ्याला गोड आवाजाचं काय करायचं?" म्हणून मी थेट बसस्टँड गाठलं. यालाच संगीतोपचार म्हणायचं असेल, तर आमचं गॅदरिंग काय वाईट, असं वाटभर म्हणत होते.

तरी आत्या डोळ्यांपुढून हलेना. नांदेडला तिच्यावर उपचार करणाऱ्या वाचोपचाराच्या मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या जरा तुसड्याच होत्या.

"गाणं म्हटलं म्हणजे बोलता आलं असं नाही. गाण्यातून बोलण्याकडं न्यावं लागतं. महिने जातात. कुणाला जमतं, कुणाला नाही."

ज्यात "नाही" होतं असं या धंद्यातलं हे पहिलंच बोलणं मी ऐकलं. मी शाळा सोडली नाही. शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले. साधी वाक्यं रुग्णाबरोबर चालीवर ठोके देत म्हणायची आणि हळूहळू चाल काढून घ्यायची, एवढंच काम. आत्याला दिवाळीपर्यंत मोजकी वाक्यं जमली. त्यातलं एक माझ्यासाठीच होतं : "आता पुरं कर गं."

मुख्याध्यापकांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "बीपीवर कोणता राग चालतो?"