पाच नंबरचे गमबूट

पाणथळीच्या अभ्यास केंद्रात सामानाची खोली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशीच म्हणत. बावीस वर्षं त्या संशोधकांना जाळ्या, बाटल्या आणि गमबूट काढून देत होत्या. बूट सगळे आठ नंबरच्या पुढचे. त्यामुळे मुलगे चिखलात उतरून नमुने आणत आणि मुली काठावर वह्या भरत बसत. एकदा एक विद्यार्थिनी हट्टाने नऊ नंबरचे घालून उतरली. एक बूट चिखलातच रुतला आणि ती नुसत्या मोज्यावर परत आली. सगळे पोट धरधरून हसले. मावशींना मात्र हसू आलं नाही.

त्यांनी खरेदीच्या यादीत पाच नंबरचे सहा जोड लिहिले.

"मावशी, मुली कुठे चिखलात उतरतात?" केंद्राच्या साहेबांनी यादी पाहून विचारलं.

"बुटांशिवाय उतरतील कशा, साहेब?"

साहेबांनी यादीवर सही केली.

त्या हंगामात पाच मुली पाण्यात उतरल्या. मागे बूट रुतलेल्या त्या विद्यार्थिनीने हाक मारली, "मावशी, एक जोड उरलाय. चला की!"

नको नको म्हणत मावशी उतरल्या. पहिल्याच जाळीत त्यांना इवलासा खेकडा गवसला. नोंदवहीत 'कोणी शोधला' या रकान्यात मुलीने मावशींचं पूर्ण नाव लिहिलं.