विरहात तू जास्त बोलायचास

बारा वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करून झाल्यावर तो अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या संस्थेत वाचक म्हणून लागला. त्यालाही आता एकोणीस वर्षं झाली होती. यानं किराणा मालाची यादी वाचली तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल, असं शेजारीपाजारी म्हणायचे. संस्थेत त्याचं नावच ‘रेडिओ’ पडलं होतं.

घरी मात्र हा रेडिओ बंद असायचा. घसा जपायला हवा, असं त्यानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायकोला सांगितलं होतं आणि तिनंही ते मुकाट्यानं मान्य केलं होतं. दोन बोटं वर केली की चहा. ताटावर तळहात आडवा धरला की जेवण पुरे. भांडण म्हणाल तर कधी नाही. नातेवाईक या जोडप्याचं उदाहरण द्यायचे.

त्या महिन्यात संस्थेनं त्याला एक जुनी प्रेमकथा वाचायला दिली. घराघरांत पोचलेली, पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेलेली. तो सरावानं वाचत गेला. नायक-नायिकेची ताटातूट झाली, बारा वर्षं पत्रांवर पत्रं गेली, आणि तेराव्या प्रकरणात दोघं एकदाची एका छपराखाली आली. तिथे नायिका म्हणते, “विरहात तू माझ्याशी जास्त बोलायचास.”

तो अडखळला.

काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारी ताई म्हणाली, “काका, परत घेऊ.”

दुसऱ्यांदा शब्द खाल्ला. तिसऱ्यांदा आवाज चिरकला. चौथ्यांदा कसंबसं जमलं.

“पाणी पिऊन या,” ती म्हणाली. “तुमचं असं कधी होत नाही.”

घरी जाताना ते वाक्य चपलेत खडा शिरावा तसं टोचत राहिलं. शेवटचं आपण बायकोशी काय बोललो, हे तो आठवू लागला. ‘गॅस संपलाय’ हे वाक्य आठवलं, पण तेही तीच बोलली होती.

त्या संध्याकाळी त्यानं बोलायचं ठरवलं. बायको कपाटाशी कपड्यांच्या घड्या घालत होती.

“आज हवा बरी होती,” तो म्हणाला.

तिनं वळून पाहिलं. “बरं वाटत नाहीये का तुम्हाला?”

“छे. का?”

“नाही, आपलं विचारलं.” आणि ती पुन्हा घड्या घालू लागली.

पुढचे चार दिवस असेच गेले. विषय काढावा तर सापडेना, सापडला तर दोन वाक्यांत आटपे. संस्थेत तो पुढची प्रकरणं वाचे, आणि नायिकेचं प्रत्येक गप्प बसणं त्याला बायकोच्या चेहऱ्यावर दिसे. मग एक वेगळीच शंका मनात शिरली. ही माणूसच आहे ना? मग कुणाशी तरी बोलत असेलच. कुणाशी?

पाचव्या दिवशी दुपारी तो काम लवकर संपवून ती नोकरीला होती त्या कारखान्यात गेला. रुग्णालयांचे गणवेश शिवण्याचा कारखाना होता तो. काजं-बटणांच्या टेबलाशी ती खाली मान घालून बसली होती, कानात इयरफोन. सुई चालली होती आणि ती हसत होती. खुदकन, स्वतःशीच. असं हसताना त्यानं तिला कधी पाहिलं होतं, हे त्याला आठवेना.

तो थेट तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. ती दचकली. “काय झालं? घरी सगळं ठीक?”

“कोण बोलतंय?” त्यानं विचारलं.

“कुठे?”

“तुझ्या कानात.”

तिनं एक इयरफोन काढून त्याच्या हातात दिला. त्यानं कानाला लावला. एक प्रियकर खिडकीखाली उभा राहून प्रेयसीची मनधरणी करत होता, लाडीगोडी लावत होता, मधेच रुसत होता. आवाज त्याचा स्वतःचा होता. सहा वर्षांपूर्वीचं पुस्तक.

“शेजारच्या टेबलावरची आहे ना, तिच्या सासूबाईंना दिसत नाही,” बायको म्हणाली. “त्या तुमच्या संस्थेच्या सभासद आहेत, त्यावर पुस्तकं मिळतात. सगळी ऐकून झाली माझी. काही दोनदा.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत?” सुरात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

सुटीची घंटा झाल्यावर दोघं चालत निघाली. काय बोलावं ते न सुचून तो सध्याचं पुस्तक सांगू लागला, तेराव्या प्रकरणापर्यंत.

“वाचल्यासारखं नको,” ती मधेच म्हणाली. “साधं बोला ना.”

त्यानं प्रयत्न केला. वाक्यं तुटत होती, ‘म्हणजे’ आणि ‘ते आपलं’ यांची खोगीरभरती होत होती. ती ऐकत होती. नायिकेचं वाक्य आलं तेव्हा तिनं नाक मुरडलं. “बारा वर्षं वाट पाहिली आणि टोमणा मारून गप्प बसली? सरळ सांगायचं ना, बोल म्हणून.” मग दोन पावलं पुढे जाऊन हळूच म्हणाली, “मी तरी कुठे सांगितलं म्हणा.”

कोपऱ्यावर ती थांबली. “शहराबाहेर कारखान्याची नवी शाखा निघतेय. मला मुकादम म्हणून बोलावलंय. शुक्रवारपर्यंत सांगायचंय.”

“कधी विचारलं त्यांनी?”

“तीन आठवडे झाले.”

तीन आठवडे. एवढ्या दिवसांत त्यानं किती वेळा दोन बोटं वर केली असतील, कुणास ठाऊक. “लांब पडेल,” तो म्हणाला. “जाऊन-येऊन अडीच तास. गुडघे दुखतात तुझे.”

“तुम्हाला माहीत आहे गुडघ्यांचं?”

“जिन्यावर थांबतेस ना, दिसतं मला.”

त्यावर दोघांचं जुंपलं. तो नको म्हणे, ती का नको म्हणून विचारे. त्याच्याकडे कारणं होती, तिच्याकडे त्यांना उत्तरं. घरचा जिना चढतानाही चालूच. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दार किलकिलं करून पाहिलं. या दोघांचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

शुक्रवारी तिनं होकार कळवला, त्याच्या मनाविरुद्ध. आता ती घरी पोचेपर्यंत तो दोनदा तरी गॅलरीत जाऊन येतो. दिवसभर काय बोलायचं याची मनाशी जुळवाजुळव करतो, आणि ती आली की निम्मं विसरतो. मग ती कारखान्यातलं काहीबाही सांगते. नव्या मुली धागा कसा वाया घालवतात, एकीनं काल बाह्याच उलट्या कशा जोडल्या. तो मधे मधे विचारतो. कधी चुकीचं विचारतो, आणि ती म्हणते, “हे कालच सांगितलं की.”

येता-जाता बसमध्ये ती अजून त्याची पुस्तकं ऐकते का, हे मात्र त्यानं विचारलेलं नाही. विचारावंसं रोज वाटतं. ऐकत असेल तर वाईट वाटेल की नसेल तर, हे त्याचं त्यालाच उमगत नाही.