एका होकाराचे प्रामाण्य

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन गावात आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी एक बाई दर शनिवारी, माझी पूजा आटोपल्यावर, संस्कृत शिकायला येत असे. तिच्या देशाने शेजारच्या देशावर सैन्य घातले होते. तिची दिवंगत आई त्या शेजारच्या देशातली. आईच्या माहेरगावावर तोफगोळे पडत होते.

त्या आठवड्यात जनमत चाचणीचा निकाल वृत्तपत्रात आला होता: तिकडचे बहुसंख्य लोक आपल्या नेत्यावर प्रसन्न आहेत. सूनबाईंनी मला बजावले होते, "बाबा, त्यांच्यापुढे तेवढं काढू नका हं." पण धड्यात साक्षीदारांचा विषय निघाला आणि न्यायशास्त्राच्या भरात मी त्या चाचणीबद्दलच बोलून गेलो, "एकमेकांना न ओळखणारी इतकी माणसं एकच सांगतात, ते नाकारायचं कसं?"

तिने वही मिटली. "गुरुजी, मग माझे वडीलही त्यांच्यातलेच. तसं असेल तर मी त्यांच्याशी पुन्हा बोलणार नाही."

मी खजील झालो. तेवढ्यात तिच्या मोबाइलवर वडिलांचाच व्हिडिओ कॉल आला. ते तिकडे एकटे राहत. चार शब्द होतात न होतात तोच त्यांच्या घरचा जुना फोन वाजला. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ते पाठमोरे उभे राहिले. ती त्यांचे बोलणे मला जर्मनमध्ये कुजबुजत सांगू लागली.

"जनमत चाचणी? विचारा... होय, मान्यता आहे. पूर्ण... होय, युद्धालाही."

तिचा चेहरा पांढरा पडला. मी मनात नामजप सुरू केला.

"हे खरं बोलले का, गुरुजी?"

"त्यांनाच विचार ना."

"फोनवर? ऐकणारे असतात."

आप्त कोणाला म्हणावे, हे मी आयुष्यभर शिकवले: जसे जाणले तसे, निर्भयपणे सांगतो तो. साक्षीदार मोजताना मात्र त्यांच्या भयाची चौकशी करायला मी विसरलो होतो. फोन करणारा कोण, हे त्या वृद्धाला ठाऊक नव्हते; त्याच्याजवळ मात्र यांचा क्रमांक होता. तरीही भ्यालेल्याच्या होकाराआड नकारच असतो, असेही म्हणता येईना. कदाचित ते मनापासूनही बोलले असतील.

"या होकारावरून त्यांचं मन कळत नाही," मी म्हणालो. "पाठिंबा आहे असंही नाही, विरोध आहे असंही नाही. मघाशी मी चुकलो."

वडील पडद्यावर परतले. मुलीच्या नजरेला नजर देईनात. तिचे बोट कॉल तोडण्याच्या लाल खुणेवर गेले आणि तिथेच थांबले. मग तिने विचारले,

"रक्तदाबाची गोळी घेतलीत?"

"होय," ते तत्काळ म्हणाले.

"हे मात्र खोटं आहे," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढं मला कळतं." आणि पुढचा पाऊण तास ती त्यांना गोळ्यांची डबी शोधायला लावत राहिली.