तांबड्याचं दावं

आमच्या बाच्या नाकावर राग असायचा आणि हातात बैलांना टोचायची पराणी. दोन्हींचा वापर तो सढळ हाताने करी. बैल, आय, मी, कुणालाच त्यातून सूट नव्हती. जुनी माणसं कडक होती पण आतून मायाळू होती, असं लोक आता म्हणतात. असतील त्यांची. आमचा बा मारायचा आणि मारून झालं की जेवायला बसायचा.

पण माणूस हौशी होता. त्या वर्षी भात झोडून झालं आणि श्रीवर्धनच्या मामाकडून लेकीच्या लग्नाचा निरोप आला. आमच्या तळा गावाकडची माणसं म्हसळ्यावरून डोंगराच्या वाटेने जात. बाने ठरवलं की आपण समुद्राच्या कडेकडेने जायचं. ओहोटीला ओली वाळू टणक होते, चाक रुतत नाही, आणि पोरांना दर्या बघायला मिळेल. पोरं म्हणजे नुकती परकर नेसायला लागलेली मी आणि आयच्या मांडीवरचा धाकटा भाऊ.

गाडीला दोन बैल होते, बांडा आणि तांबडा. तांबडा आयचा. त्याची माय तो दूधपिता असतानाच साप चावून मेली आणि आयने चिंधी पेजेत बुडवून त्याला जगवला. गाडी ओढत असतानाही आय बोलली की त्याचा कान मागे वळायचा. हिचा थोरला लेक हाच, असं बा चारचौघांत म्हणायचा आणि लोक हसायचे. आय हसत नसे, कारण तिला ते खरंच वाटत होतं.

किनारा लागला आणि मी गाडीत उभी राहिले. चाकांपुढून लाल खेकडे असे पळत होते की वाळूच सरकते आहे असं वाटावं. उंडीच्या झाडांत वानरं खवळून फांद्या हलवत होती. एका उंच झाडावर समुद्री गरुडाचं घरटं होतं आणि तो वळवळणारा साप पायांत धरून पिल्लांकडे चालला होता. पुढे वाळूत एक मोठं कासव उलटं पडलं होतं. कोल्हा त्याच्या मानेशी लागला होता आणि गाडी आली तरी हलायला तयार नव्हता. जो तो कुणाला तरी खात होता. बाला मौज वाटत होती, तो दर वेळी गाडी थांबवून दाखवायचा. आयने पदर तोंडाला लावला होता.

दुपारी केवड्याच्या बनाशी आम्ही गाडी सोडली. बैल चाकाला बांधले, आयने भाकरी आणि सुकट काढली. वरच्या डोंगरात हाकारा चालला होता. कुणी बंदूकवाले शिकारीला आले असावेत, ढोल वाजत होते आणि माणसं ओरडत होती. मग एक बार झाला. बा म्हणाला, डुक्कर असणार. त्याचा घास तोंडात जायच्या आत केवडा फुटला आणि खांद्यातून रक्त गळणारा रानडुक्कर सरळ आमच्यावर आला.

वाटेत तांबडा होता. डुकराने मान खाली घातली आणि सुळ्याने त्याचं पोट उसवलं. तसाच तो आमच्याकडे वळला. आयने भावाला गाडीत फेकलं आणि मला ढकललं. बा मात्र मागे सरला नाही. तो भित्रा नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. गाडीतली कुऱ्हाड घेऊन तो पुढे गेला आणि पहिला घाव डुकराच्या कपाळावर घातला, मग दुसरा, मग डुक्कर पडल्यावरही कितीतरी. भाकरीवर रक्त उडालं होतं.

तांबडा उभा होता. पोटाखालून आतड्याचं एक वेटोळं बाहेर आलं होतं आणि त्यावर वाळू उडत होती.

आता आमच्यातली रीत सांगायला हवी. जनावर दाव्याला बांधलेलं मेलं तर गोहत्येचं पाप धन्याला लागतं. मग गळ्यात तेच दावं अडकवायचं, तोंडाने शब्द काढायचा नाही, गाईसारखं हंबरत दारोदार भीक मागायची, तेव्हा ते फिटतं. म्हणून गोठ्यात जनावर शेवटचे श्वास घेऊ लागलं की आधी कुणीतरी धावत जाऊन दावं सोडतं. बाला डुकराची भीती वाटली नव्हती, त्या भिकेची वाटली.

"सोड त्याचं दावं. मराय लागलाय," तो म्हणाला.

आयने दावं दोन्ही हातांनी धरलं होतं. "न्हाय मरत. आतडं फाटलं न्हाय, कातडं फाटलंय. मी लुगडं गुंडाळते. गाव जवळ हाय, शिवतील कुणीतरी. आता सोडलंत तर बिथरंल तो."

बाने तिच्या थोबाडीत दिली. तिने दावं सोडलं नाही. मग त्याने कुऱ्हाडीचा दांडा तिच्या बोटांवर मारला, बोटं उघडेपर्यंत मारला. तो आवाज मला अजून ऐकू येतो, आणि मला अजून राग येतो.

त्याने तांबड्याच्या मानेतून दावं ओढून काढलं. डुकराचं रक्त बाच्या अंगभर होतं. मान मोकळी झाली तशी त्या वासाने आणि वेदनेने पिसाळलेल्या तांबड्याने डोकं फिरवलं. शिंग बाच्या मांडीत शिरलं, बा वर उचलला गेला आणि वाळूत आपटला. तांबडा तसाच समुद्रात गेला. लाट पोटाला लागली, खारं पाणी जखमेत शिरलं आणि तो हंबरला. असं हंबरणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. पुढच्या लाटेने त्याला काठाच्या वाळूवर आडवा केला.

वाळूत पडलेलं दावं आयने उचललं, बाच्या मांडीला जखमेच्या वर गुंडाळलं आणि त्यात पराणी घालून पीळ दिला. रक्त थांबेपर्यंत पिळत राहिली. एका हाताची दोन बोटं भलतीकडेच वळली होती. मी आणि तिने मिळून बाला गाडीत ओढून घातला. तिथे त्याला उमज पडली की आपल्याला काय बांधलंय. तो पांढरा पडला होता, तरी दावं काढ म्हणून धडपडू लागला. दाव्यात मरण नको, एवढंच पुन्हा पुन्हा.

आयने त्याचा हात झटकला. "दाव्यात मेलं तर पाप बांधनाऱ्याला. तुमी मेलात तर माझ्या माथी. पडून ऱ्हावा."

भरती चढायला लागली होती. पाणी किनाऱ्याच्या टेकाडाला लागलं की वाट बंद होणार होती. जुवाच्या एका बाजूला बांडा जुंपला, दुसऱ्या बाजूला आयने खांदा घातला. मी चाकाला जोर देत होते, भाऊ गाडीत बाच्या छातीवर रडत होता. मागे गिधाडं उतरली. तांबड्याचा पाय अजून हलत होता. आयने एकदाही मागे पाहिलं नाही. मी पाहिलं.

पुढच्या गावातले कोळी धावत आले. त्यांनी बाला धरून जखम डागली, तेव्हा त्याची किंकाळी अंगणाबाहेर गेली. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं काय विचारावं? आयचा खांदा सोलून मांस दिसत होतं, हात सुजून टम्म झाला होता. त्याने विचारलं, तांबडा सुटा मेला ना? आय म्हणाली, व्हय.

लग्न राहिलं. घरी आल्यावर गावातली जाणती माणसं येऊन बसली आणि बैल सुटा मेला म्हणजे दोष नाही, असं सांगून चहा पिऊन गेली. पाय अधू झाला तरी बा ओसरीवर बसून डुक्कर कसा मारला ते येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगू लागला. आयच्या हाताबद्दल कुणी विचारलं तर गाडीत चेंगरला म्हणायचा. आय तिथेच निवडत टिपत बसलेली असायची.

एके दिवशी सकाळी तिने खुंटीवरचं दावं काढलं. बाच्या रक्ताने ते काळं पडलं होतं. ते तिने स्वतःच्या गळ्यात घातलं. बाने दरडावलं, कुठं निघालीस?

"तो सुटा मेला न्हाय. मराय सोडला त्याला. कुनीतरी फेडाय पायजे."

त्यानंतर ती बोलली नाही. पहिल्या घरापुढे जाऊन ती हंबरली आणि आळीतल्या बाया दारात आल्या. कुणी हसलं नाही. बायांनी तिच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं आणि मग लांबून आमच्या ओसरीकडे पाहिलं. एकेक घर करत ती आमच्या दाराशी आली. पदर पुढे केला आणि हंबरली. तेच हंबरणं, समुद्रातलं.

पराणी बाच्या हाताशी होती. ती आता आयच्या अंगावर येते, असं वाटून मी मध्ये उभी राहिले. बा अधू पाय ओढत, बसल्या बसल्या सरकत कणगीपर्यंत गेला आणि मूठभर तांदूळ घेऊन परत आला. निम्मे उंबऱ्यावरच सांडले. उरलेले त्याने आयच्या पदरात घातले. तो काहीतरी म्हणणार होता.

आय थांबली नाही. पुढची घरं अजून बाकी होती.