गुलाबी फडकं

२०२० मध्ये बसची धास्ती म्हणून मी जुनी सायकल घेतली आणि शेजारच्या ब्युमॉन्ट भागातल्या एका सायकलवाल्याकडे माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. त्याचा मास्क कायम नाकाखाली. "बायकांना खालचीच बरी," म्हणत तो न विचारता माझी सीट खाली करायचा. घरी येऊन मी ती पुन्हा वर करायचे.

एकदा चेन पुसताना त्याच्या हातातलं फडकं गुलाबी दिसलं. त्याला चक्क बाही होती.

"बायकोची जर्सी," तो म्हणाला. "कॅनडाची आहे ती. बायकांच्या आइस हॉकीची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळलीये. त्यांच्या अख्ख्या टीमला गुलाबी दिली होती. काय गोड दिसायच्या!"

"आणि खेळायच्या कशा?"

"ग्रँड." हे महाशय पंक्चरलाही ग्रँडच म्हणतात.

"फडकं केलेलं चालतं तिला?"

"तिला कुठे माहितीये? माळ्यावर पडून होती. तेल मात्र छान टिपते."

"नंबर काय होता तिचा?"

तीस वर्षांचा संसार, आणि त्यानं फडकं उलटून पाठीवर शोधलं. तिथं माझ्याच चेनचं काळं तेल पसरलं होतं.

"आता दिसत नाही," तो म्हणाला.

त्याचा पाना उचलून मी तिथंच, त्याच्यासमोर, सीट वर केली.