शुक्रवार आणि मंगळवार यांच्यामधलं बेट

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यांत आधी कॅलेंडर घेऊन बसले. हवामान किंवा भरती-ओहोटी बघायला नव्हे. मला फक्त दोन वार टाळायचे होते. आमच्या घरी मंगळवार आणि शुक्रवार कधी मोकळे नसतात. माझ्या सासूबाई तुळजाभवानीच्या आराधी होत्या. गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी (देवीची वेताची टोपली) घेऊन त्या या दोन वारी पाच घरी जोगवा (देवीच्या नावानं मागायची भिक्षा) मागायच्या. वारण्याआधी त्यांनी माळ माझ्या हातात दिली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेची वेळ आडवी येते असं सांगून मी नको म्हणाले. खरं तर मला दारोदार हात पसरायची लाज वाटत होती. मग माळ ह्यांनी घातली. अकरा वर्षं झाली, पेरणी असो की घरचं लग्न, ह्यांचा एकही वार चुकलेला नाही.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून हैदराबादच्या आमच्या लेकीनं विमानाची तिकिटं काढली. पंचवीस वर्षांत आम्ही दोघंच असे कुठंही गेलो नव्हतो. मी हिशेब बसवला. शुक्रवारी सकाळी आमच्या गावात, जळकोटात जोगवा मागायचा, दुपारच्या बसनं हैदराबाद गाठायचं, शनिवारी सकाळचं विमान. सोमवारी बेटावरून परत, मंगळवारी सकाळी विमान, आणि दिवेलागणीला ह्यांनी पुन्हा जळकोटात परडी घेऊन उभं राहायचं. मध्ये मिळालेले तीन दिवस माझे. "माळ देव्हाऱ्यात ठेवा, शेजारच्या काकू दिवा लावतील," असं मी चारदा बजावलं. हे मान हलवत होते. मान हलवणं म्हणजे होकार असतो, अशी माझी अजूनही समजूत आहे.

हैदराबादच्या विमानतळावर तपासणीत ह्यांची पिशवी उघडायला लावली, तेव्हा टॉवेलच्या आतून परडी निघाली आणि परडीतून माळ. तपासणीवाल्या माणसानं दोन्ही हात जोडले आणि विचारलं, "यल्लम्मा?"

"तुळजाभवानी," हे अभिमानानं म्हणाले.

विमानात मी रागानं खिडकीकडं तोंड करून बसले. 

विमानातून उतरून पुढं बेटावर पोचलो ते बोटीनं, दुपार कलताना. आयुष्यात एवढं पाणी मी पाहिलं नव्हतं. किनाऱ्याशी ते हिरवं होतं, पुढं निळं, त्याच्याही पुढं शाईसारखं काळपट. किनाऱ्यालगत इतकी उंच झाडं की वर बघताना डोक्यावरचा पदर पडावा. माझा राग निवळायला लागला. तेवढ्यात हे म्हणाले, "पाणी लई हाय, पर एकाबी पिकाला चालत न्हाय."

आमचं उतरायचं ठिकाण म्हणजे नारळाच्या बागेत ओळीनं बांधलेल्या सहा झोपड्या. आत एसी होता, तरी त्यांना झोपड्याच म्हणायचं. तिथला व्यवस्थापक बंगाली, फार अगत्याचा. त्यानं आल्या आल्या डाब (कोवळं शहाळं) हातात दिलं आणि नियम सांगितले. पोहायचं कुठं, मगरीचा इशारा कुठं लावलाय, आणि किनाऱ्यावरचा एकही शंख, शिंपला, कवडी उचलायची नाही. परत जाताना विमानतळावर काढून घेतात, वर दंडही होतो. मी नीट ऐकलं. हे तेव्हा नारळाच्या झाडाखाली उभे राहून फोनवर विचारत होते की हरभऱ्याला पाणी सोडलं का. बेटावर सगळीकडं नेटवर्क नाही म्हणतात. आमच्या नशिबानं त्या झाडाखाली होतं.

रविवारी मी गुडघाभर पाण्यात उतरले. वाळू पायाखालून सरकते तेव्हा भीतीही वाटते आणि हसूही येतं. ह्यांना हाक मारली. हे शर्ट-पँटीत, चपला हातात घेऊन कोरड्या वाळूवर उभे. म्हणाले, "तू जा, म्या पिशवी बघतो." पिशवीत एक टॉवेल आणि केळी होती. जेवायला ताजा मासा आला, केळीच्या पानात भाजलेला. ह्यांनी वाढणाऱ्याला विचारलं, "भाकरी मिळत न्हाय व्हय हितं?" आणि डाळभात कालवून घेतला. मी दोघांचा मासा एकटीनं संपवला. चांगला होता. आजूबाजूला नवी नवी लग्नं झालेली पोरं-पोरी एकमेकांचे फोटो काढत होती. आमचा फोटो काढायला मी एका मुलीला सांगितलं, तर हे शाळेच्या गटफोटोत उभे राहावेत तसे हात बाजूला सोडून उभे राहिले.

सोमवारी दुपारी धक्क्यावर गेलो तर बोट नाही. समुद्र खवळलाय, वारा पडेपर्यंत बोटी बंद. कधी सुटतील? उद्या नाही, परवा कदाचित. लेकीला फोन करून तिकिटं गुरुवारची करून घेतली. मग हे शांतपणे म्हणाले, "म्हणजे मंगळवार हितंच."

 अकरा वर्षांचा नेम मोडला असता तर कुणामुळं मोडला असता? माझ्यामुळं. ह्यांनी तोंडानं काढलं नसतं, पण जळकोटात भावकी होती, नणंदा होत्या, आणि माझं स्वतःचं मन होतं. आधीच माळ नाकारलेली सून, त्यात सहलीच्या हौसेपायी वारही चुकवला. मी म्हणाले, "जाऊ द्या ना एक मंगळवार. देवीला कळत नाही का बोटी बंद आहेत ते?"

"देवीला कळतं गं," हे म्हणाले. "पर माळ घरी ठिवली असती तर गोष्ट येगळी. आता ती माझ्यासंगं हाय."

म्हणजे चूक परत त्यांचीच, आणि तरीही त्यांचंच बरोबर.

मंगळवारी सकाळी आंघोळ करून, कपाळाला हळद-कुंकू लावून, गळ्यात माळ आणि हातात परडी घेऊन हे पहिल्या झोपडीपुढं उभे राहिले. "आई राजा उदे उदे." दार उघडलं ते आमचा फोटो काढलेल्या मुलीनं. तिच्या मागं तिचा नवरा, केस विस्कटलेला. दोघंही घाबरून बघायला लागले. ह्यांचं हिंदी म्हणजे मराठीलाच "है" जोडलेलं, त्यामुळं मला पुढं व्हावं लागलं. जी लाज टाळायला मी माळ नको म्हणाले होते, ती लाज समुद्र ओलांडून मला गाठायला आली होती. मी सांगितलं की ही आमच्या देवीची रीत आहे, मूठभर काहीही घाला, भीक नव्हे. मुलीनं इकडंतिकडं बघून चहाच्या ट्रेमधली साखरेची पुडी परडीत टाकली.

दुसऱ्या झोपडीत कोलकात्याच्या वयस्कर बाई होत्या. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, परडीत संदेश या बंगाली मिठाईचे दोन तुकडे ठेवले आणि ह्यांच्या पाया पडायला वाकल्या. हे चार पावलं मागं सरले. तिसऱ्या दारी पोहायच्या चड्डीतल्या दोन तरुणांनी बिस्किटाचा पुडा दिला. चौथं दार स्वयंपाकघराचं. आचाऱ्यानं ओंजळभर तांदूळ घातले आणि मला म्हणाला, "साहब को रोटी नहीं दे पाया, इसका बुरा लगा." पाचवं दार व्यवस्थापकाचं, त्याच्या बायकोनं नारळ दिला. वार पाळला गेला. ह्यांचा चेहरा असा फुलला होता की कुणाला वाटावं ह्यांची सहल आज सुरू झाली. संध्याकाळी हे पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले, "चल, पाण्याकडं जाऊन येऊ." मी म्हणाले, "तुम्हीच जा." हे खरंच एकटे गेले, आणि अंधार पडायच्या आत परत आले.

बुधवारी बोट सुटली. गुरुवारी सकाळी अंदमानच्या विमानतळावर ह्यांची पिशवी पुन्हा बाजूला काढली गेली. या वेळी कुणी हात जोडले नाहीत. तपासणीवाल्या बाईंनी माळ टेबलावर पसरली आणि म्हणाल्या, शंख-शिंपले नेता येत नाहीत. मी माझं सगळं शाळेतलं हिंदी पणाला लावलं. ही माझ्या सासूबाईंची माळ, घरून आणलेली, दोरा बघा किती जुना, हळद बघा मुरलेली, यातली एकही कवडी इथली नाही. बाईंना पटायला आलं होतं. त्या माळ उचलणार, तेवढ्यात आमचे हे बोलले.

"न्हाय म्याडम. एक हितली है."

त्यांनी बोट ठेवलं तिथं पिवळ्या पडलेल्या कवड्यांमध्ये एक ठिपक्यांची, चकचकीत कवडी बसली होती, नव्या पांढऱ्या दोऱ्यानं ओवलेली. "म्या उचलली. इसको मालूम न्हाय. बाकी सब माँ की है."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता एका कवडीपायी सगळी माळ जाणार, सासूबाईंची माळ अंदमानातच राहणार आणि ते खापर जन्मभर माझ्या माथ्यावर. मला भान राहिलं नाही. "तुम्हाला अक्कल आहे का?" मी सगळ्या रांगेदेखत म्हणाले. "एवढं सांगितलेलं असताना? चोरून आणायची आणि वर सांगायची?" 

बाईंनी त्यांच्या साहेबांना बोलावलं. त्यांनी माळ निरखली, ह्यांच्याकडं बघितलं आणि कात्री मागवली. पांढरा दोरा कापून ठिपक्यांची कवडी काढून घेतली. मग बाईंनी स्वतः जुन्या दोऱ्याची टोकं जुळवून गाठ मारली आणि माळ ह्यांच्या हातात दिली. दंड नाही, लिखापढी नाही. 

विमान वर गेल्यावर मी विचारलं, "घरी एवढ्या कवड्या असताना ही कशाला हवी होती?"

हे माळेतली नवी गाठ बोटानं चाचपायला लागले. "आईनं माळ तुला दिली व्हती," ते म्हणाले. "तू घातली न्हाईस, त्याचं काय न्हाय. पर मंगळवारी तू माझ्यासंगं पाच दारं फिरलीस. म्हणलं, तुझी म्हणून एक असू दे माळंत."

मी खिडकीकडं तोंड केलं. या वेळी रागानं नव्हे.

शुक्रवारी जळकोटात हे नेहमीसारखे जोगव्याला गेले. शाळेत सगळ्या बाई विचारत होत्या, बेटावरून काय आणलंत? मी म्हणाले, काही नाही. पंचवीस वर्षांत साड्या आल्या, पाटल्या आल्या, पण सगळं मी सांगितल्यावर. न सांगता, स्वतः वाकून ह्यांनी माझ्यासाठी वेचलेली वस्तू ती एकच. ती आता त्या विमानतळाच्या कुठल्या तरी खोक्यात पडून आहे, आणि ती काढून घेत असताना मी ह्यांची अक्कल काढत उभी होते.