पुसलेल्या पानांचे पत्ते

आत्याने फोनवर "जय भीम" म्हटलं आणि त्याच दमात सांगून टाकलं, "महिनाअखेरीस ती साइट बंद कर. कोणी येत नाही आता तिथे." शहाडजवळच्या मोहने गावातल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून ती निवृत्त झाली, तेव्हा मीच तिला वेबसाइट काढून दिली होती. दोन बोटांनी टाइप करत ती त्यावर धडे चढवायची. सुरुवातीला कुठकुठल्या मुलांचे प्रश्न यायचे. हल्ली शोधूनही साइट सापडत नव्हती. आत्याने त्याचा अर्थ लावून टाकला होता: आपलं शिकवणं जुनं झालं.

मला राग आला. तिचा नाही, तिच्या त्या शांत आवाजाचा. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

माझी नोकरी नेमकी साइट्सच्याच कामाची. टेंभी नाक्याजवळच्या ऑफिसात बसून मी दिवसभर बघते, की कुणी आपल्या पानावर कुणाच्या साइटचा पत्ता दिलाय. त्याला बॅकलिंक म्हणतात. ही माहिती गोळा करणाऱ्या एका कंपनीच्या एपीआयची चावी आमच्याकडे आहे. म्हणजे त्यांची साइट उघडून बघत बसायचं नाही. आपल्या प्रोग्रामने ठरलेल्या साच्यात प्रश्न पाठवायचा, उत्तराच्या ओळी थेट आपल्याकडे येतात. साहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत मी आत्याच्या साइटबद्दल प्रश्न पाठवला. म्हटलं, कोण कोण हिचं नाव घेतं ते दाखवू, म्हणजे बंद करायची भाषा थांबेल.

उत्तरात दोन ओळी आल्या. एक माझ्याच ब्लॉगवरची. दुसरी शहाडच्या दुकानांची यादी देणाऱ्या कुठल्याशा पानावरची. आत्या म्हणते ते खरंच असेल तर?

शेजारच्या मैत्रिणीने माझ्या स्क्रीनवर नजर टाकली. "अगं, तू फक्त होमपेजचं, पहिल्या पानाचंच मागवलंयस. फुल डोमेनचं, अख्ख्या साइटचं मागव ना, यार! रोजचं काम आणि घरचं आलं की डोकं गहाण?"

खरंच की. एक शब्द बदलून पुन्हा पाठवलं आणि ओळी येऊ लागल्या. एका वेळी ठरावीकच येतात, उरलेल्या मागायच्या तर उत्तरासोबत आलेली खूण परत पाठवावी लागते. मी ती पाठवत राहिले, ओळी संपेनात. नंदुरबारकडच्या एका गुरुजींचा ब्लॉग. सोलापूरचं वसतिगृह. गडचिरोलीची अभ्यासिका. दुव्यावरचे शब्दही सोबत आले होते: 'अपूर्णांक समजत नसतील तर या बाईंकडे जा.' डबा समोर तसाच, आणि मी खुर्चीत बसून एकटीच हसत होते. डोळे मात्र भरले होते.

मग एक दुवा उघडला. पान सापडत नाही. दुसरा उघडला, तेच. लोकांनी दिलेले पत्ते बरोबर होते, पण त्या पत्त्यांवर काहीच नव्हतं.

रविवारी मोहने गाठलं. "आत्या, धडे कुठे गेले?"

"पुसले," ती सहज म्हणाली. "वर्ष संपलं की पुसते. वर्ग सोडताना फळा स्वच्छ करावा. पुढच्याला काय घाण फळा द्यायचा?"

मी कपाळावर हात मारला. दर मे महिन्यात ही बाई इमानेइतबारे अख्खी साइट कोरी करत होती आणि जूनपासून नव्या पत्त्यांच्या पानांवर पुन्हा पहिल्यापासून लिहीत होती. तिला शोधत आलेली मुलं रिकाम्या वर्गातून परत जात होती. शेवटी गुगलनेही नाद सोडला.

"मग गेलं ना सगळं!" मी जवळजवळ ओरडलेच.

"गेलं कसं? टाचण आहे ना."

तिने खाटेखालून वह्या ओढल्या. शिकवण्याआधी टाचण काढायचं, ही शाळेतली शिस्त तिने साइटसाठीही पाळली होती. एकेक धडा, तारखेसकट, सुवाच्य अक्षरात. मी फरशीवरच बसले. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

मग मी छापून आणलेली यादी तिच्या हातात दिली. चष्मा लावून, एकेका ओळीवर बोट ठेवत तिने हजेरी घेतल्यासारखी ती वाचली. नंदुरबारवर बोट थांबलं.

"इतक्या लांबून?" ती म्हणाली. मग विचारलं, "म्हणजे यांना समजत होतं, मी शिकवलेलं?"

"हो गं, आत्या."

बंद करायचा विषय तिने पुन्हा काढला नाही. यादी समोर ठेवून आम्ही जुन्या पत्त्यांवर धडे परत चढवायला घेतले. मी पत्ता सांगायची, ती वहीतून टाइप करायची.

काल ऑफिसात मी नंदुरबारच्या गुरुजींच्या ब्लॉगवरून अपूर्णांकांचा दुवा दाबला. पान उघडलं. वरच्या कोपऱ्यात, मी न सांगता, आत्याने एक छोटी चौकट केली होती आणि आत लिहिलं होतं: 'पुसू नये.'